एका दिवसात चॉकलेटची किती दुकानं? आणि त्या अजब चवींचं काय?

सायंतारा
नमस्कार मंडळी,

पुढच्या महिन्यात कामानिमित्त एका मोठ्या शहरात चार दिवस आहे. त्यातला एक अख्खा दिवस मोकळा मिळतोय आणि तो मी हाताने चॉकलेट घडवणाऱ्या छोट्या दुकानांसाठी राखून ठेवलाय. यादी करायला बसले आणि बघता बघता सात नावं झाली. एक जण कोकोच्या बियांपासून सगळं स्वतः करतो. एकीकडे फक्त बोनबॉन, म्हणजे आत सारण भरलेली छोटी चॉकलेटं, रोज सकाळी ताजी. आणि दोन-तीन ठिकाणी मिसो (आंबवलेल्या सोयाबीनचं जपानी वाटण), काळे तीळ, ऑलिव्ह, निळं चीज, धुरावलेलं मीठ असल्या चवी आहेत. त्यांच्याबद्दल उत्सुकताही आहे आणि धाकधूकही.

या वेडाचं कारण सांगते. दोन वर्षांपूर्वी मैत्रिणीने चॉकलेटच्या एका पट्टीचा तुकडा हातावर ठेवला. मी नेहमीसारखी चावायला गेले तर म्हणाली, थांब, नुसता जिभेवर ठेव. आधी काहीच लागलं नाही. मग कडेकडेने एक आंबटसर, लाल फळासारखी चव वर आली आणि कितीतरी वेळ रेंगाळली. मी वेष्टन तीनदा उलटंसुलटं करून वाचलं. कोको, साखर, बस्स. आणि खाली मादागास्कर एवढं नाव. मग फळ आलं कुठून?

तर सांगा, सात दुकानं एका दिवसात झेपतील का? अजब चवींवर भर द्यावा की साध्या पट्ट्यांवर? आणि घेतलेला माल पुढचे दोन-तीन दिवस सांभाळून घरी आणायचा कसा?

निवांत_७
सात?! तीन करा. चौथ्या दुकानात जीभ संपावर जाते.

हसरी_दुपार
निवांत, +१. मी एकदा पाच केली होती. पहिल्या दोन दुकानांतलं एकन्‌एक आठवतं. शेवटच्या दुकानाच्या दाराचा रंग तेवढा आठवतो. निळा होता, छान होता.

दगडीजातं
सायंतारा, तुमच्या त्या तुकड्यातलं फळ खरं आहे, भास नाही. मी गेली सहा वर्षं छोट्या प्रमाणावर बियांपासून चॉकलेट करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कोकोची फळं थेट खोडाला लगडतात. फळ फोडलं की आत पांढऱ्या, आंबटगोड गरात गुरफटलेल्या तीस-चाळीस बिया. त्या वेळी बी चावून बघितली तर कडू आणि तुरट, चॉकलेटचा मागमूस नाही. मग गरासकट बियांचा ढीग केळीच्या पानांखाली किंवा लाकडी पेटीत पाच-सात दिवस आंबवतात. आधी यीस्ट गरातल्या साखरेचं अल्कोहोल करतं, मग जिवाणू त्याचं आम्ल करतात, ढीग ४५ ते ५० अंशांपर्यंत तापतो आणि बी आतून मरते. चॉकलेटच्या चवीची पायाभरणी होते ती इथे, शेतावर. त्यानंतर वाळवणं, आणि मग आमच्यासारख्यांकडे भाजणं, पाखडून टरफलं काढणं, दळणं, घोटणं. मादागास्करच्या साम्बिरानो खोऱ्यातल्या कोकोला ती लाल फळांची आंबट छटा असते. इक्वाडोरच्या नासिओनाल जातीला फुलांचा वास येतो. भाजणाऱ्याने आच जरा जास्त दिली की हे सगळं जळून जातं आणि कडूपणा तेवढा उरतो. माझी पहिल्या वर्षातली निम्मी पोती अशी गेली.

आता दुकानांबद्दल. तुमच्या यादीत दोन वेगळे कारागीर एकत्र आलेत. एक बियांपासून चॉकलेट करणारे, दुसरे तयार चॉकलेट घेऊन त्याची बोनबॉन घडवणारे. दुसऱ्यांचं काम कमी प्रतीचं मुळीच नाही, सुतार कुठे स्वतः झाड वाढवतो? पण आत गेल्यावर सरळ विचारा, तुम्ही बिया भाजता की तयार चॉकलेट घेता? आणि घेता तर कोणाचं? चांगला कारागीर हे आनंदाने सांगतो, आम्हाला बोलायला आवडतं.

क्रम असा ठेवा: सकाळी जीभ ताजी असताना बियांवाला, दुपारी बोनबॉन, अजब चवी सगळ्यात शेवटी. मधे कोमट पाणी प्या. गार पाण्याने जिभेवरचं कोको बटर, म्हणजे कोकोच्या बियांमधली चरबी, थिजतं आणि पुढचा तुकडा मुका लागतो.

कुंपणावरून
मी वेगळं मत मांडतो. अजब चवींची दुकानं हा बहुतांशी देखावा आहे.

गेल्या वर्षी एका नावाजलेल्या दुकानातून नऊ बोनबॉनचा डबा घेतला. दिसायला रत्नं. घरी सगळे गोल करून बसलो, सुरीने प्रत्येकाचे चार तुकडे केले. एकात अत्तर प्यायल्यासारखं लव्हेंडर, एकात नुसता धूर, एकात मिरचीचा जाळ. नऊपैकी एकातही चॉकलेट सापडलं नाही. विकत घेताना मी विचारलं होतं की कोको कुठला, तर काउंटरवरच्या मुलीला ठाऊक नव्हतं, तिला कोणी सांगितलंच नव्हतं. तिचा काही दोष नाही. पण ज्या पाटीवर लव्हेंडर कुठलं ते लिहिलंय आणि कोको कुठला ते नाही, त्या पाटीवरून समजून जायचं.

सायंतारा, साध्या पट्ट्या घ्या.

तळटीप
कुंपणावरून, डबा वाईट निघाला हे मान्य, पण मिरचीला बोल लावू नका. ती चॉकलेटमध्ये साखरेच्या आधीपासून आहे. माया आणि अ‍ॅझ्टेक लोक कोको प्यायचे तो मिरची, व्हॅनिला, अचिओटेच्या लाल बिया असं काय काय घालून, वर फेस आणून. त्यात साखर पडली ती स्पॅनिश लोक तिथे पोचल्यानंतर.

आपण ज्याला साधी पट्टी म्हणतो तीसुद्धा कधीतरी कोणाची तरी अजब कल्पना होती. १८४७ मध्ये ब्रिस्टलच्या फ्राय कंपनीने कोको पूड, साखर आणि वितळलेलं कोको बटर एकत्र करून साच्यात घातलं, तोवर चॉकलेट ही मुख्यतः प्यायची गोष्ट होती. १८७५ च्या सुमारास स्वित्झर्लंडमधल्या व्हेवे गावात डॅनिएल पीटरने त्यात दूध आणलं, आणि त्यासाठी आधी कित्येक वर्षं दुधातल्या पाण्याशी झगडला. १८७९ मध्ये बर्नला रोडॉल्फ लिंड्टने घोटायचं यंत्र केलं, त्याआधीचं चॉकलेट दाताखाली कचकचायचं. आणि तुमचा तो नऊचा डबा? ब्रुसेल्सच्या नॉयहाउस घराण्याचं दुकान मुळात औषधांचं, कडू गोळ्यांवर चॉकलेटचा थर द्यायचं. १९१२ मध्ये नातवाने औषधाच्या जागी सारण भरलं. तेव्हाही कोणीतरी म्हणालं असेलच, हे काय नवीन!

कुंपणावरून
औषधांची गोष्ट फार आवडली. इतिहास पटला. पण माया लोकांना मिरची घालता यायची म्हणून त्या दुकानालाही येते असं होत नाही. :)

अबोली
मी चार वर्षं अशाच एका दुकानाच्या मागच्या खोलीत काम केलंय, त्यामुळे कुंपणावरून यांचं दुखणं कळतं. चव घालणं सोपं असतं, कुठे थांबायचं ते अवघड.

रोझमेरीचं गनाश (क्रीम आणि चॉकलेटचं मऊ सारण) करताना गरम क्रीममध्ये पाला टाकून झाकण ठेवायचो. तीन मिनिटांत काही उतरत नाही. पंधरा मिनिटं ठेवलं की खोकल्याचं औषध. आमचं सातवर ठरलं, आणि ते ठरायला दोन महिने गेले, कारण दर खेपेचा पाला वेगळा. ज्यांनी मला शिकवलं त्यांचा एकच नियम होता. आधी चॉकलेट लागलं पाहिजे, मधे कधीतरी रोझमेरी येऊन जावी, आणि शेवटी परत चॉकलेट. शेवटी चॉकलेट परतलं नाही तर ती बोनबॉन फळीवर जायची नाही. निळ्या चीजचं सारण आम्ही अकरा वेळा केलं आणि अकरा वेळा सोडून दिलं. तुमच्या यादीतल्या दुकानाला ते जमलं असेल तर मला खरंच जाणून घ्यायचंय.

दुकानात बोनबॉन मिळाली की अख्खी तोंडात टाकू नका. दातांनी अर्धी तोडा आणि आत बघा. कवच सगळीकडून सारखं आणि पातळ हवं, दीड-दोन मिलिमीटर, तोडताना बारीकसा आवाज यायला हवा. एका बाजूला जाड थर असेल तर साचा नीट निथळू दिलेला नाही. कवच आणि सारणाच्या मधे फट दिसली तर सारण सुकून आकसलंय, म्हणजे बहुधा बरेच दिवस झालेत. वरची रंगीत चकाकी म्हणजे रंगवलेलं कोको बटर, साच्यात आधीच फवारलेलं. त्याला मेहनत लागते, पण त्यावरून चव कळत नाही.

आणि कधी केली ते विचाराच. क्रीमचं गनाश साधारण दोन-तीन आठवड्यांचं धनी. महिनोन्‌महिने टिकतं असं कोणी म्हणालं तर टिकवण्यासाठी काय केलंय तेही विचारा. काही जण क्रीमऐवजी नुसत्या पाण्यातलं गनाश करतात. ते दिसलं तर सोडू नका. दुधाचा पडदा नसल्याने कोको अगदी समोर येऊन बोलतो.

मिनूचीआई
थोडं वेगळं, पण महत्त्वाचं. माझ्या मुलीला हेझलनट चालत नाही. एका छान दुकानात पाटीवर स्पष्ट 'नट नाहीत' असं वाचून एक तुकडा घेतला. काउंटरवरच्या मुलाने ज्या चिमट्याने आधीच्या गिऱ्हाइकाला हेझलनटची बोनबॉन दिली, त्याच चिमट्याने आमचा उचलला. मी बघत होते म्हणून बरं, तुकडा तसाच परत केला. मुलगा ओशाळला, त्याने माफी मागितली.

तेव्हापासून मी फक्त 'यात काय आहे' असं विचारत नाही. हे कुठल्या यंत्रावर होतं, त्याच यंत्रावर सुक्या मेव्याचं काही दळता का, चिमटा वेगळा आहे का, हे विचारते. लहान दुकानात एकाच यंत्रावर सगळं होतं. आणि अशी दुकानंही भेटलीत जिथे मालकाने स्वतः सांगितलं, बाई, आमच्याकडचं काहीच तिला देऊ नका. त्यांचे आभार मानून मी माझ्यासाठी डबा घेतला.

दगडीजातं
मिनूचीआई, अगदी बरोबर. दळायच्या यंत्राचे दगड कितीही धुतले तरी मी हमी देऊ शकत नाही, म्हणून मी सुका मेवा कारखान्यात आणतच नाही.

प्रश्नचिन्ह
मधेच एक बाळबोध प्रश्न. पांढरं चॉकलेट हे चॉकलेट आहे का? नवरा म्हणतो नाही, गेले आठ दिवस वाद चालू आहे.

तळटीप
त्यात कोकोचा तपकिरी भाग नसतो, पण कोको बटर असतं. युरोपीय नियमांनुसार किमान २० टक्के कोको बटर आणि १४ टक्के दुधाचे घन पदार्थ असले तरच पांढरं चॉकलेट म्हणता येतं. नवऱ्याला निम्मे गुण द्या.

अबोली
पांढऱ्याला कमी लेखू नका. फ्रान्सच्या वलरोना या चॉकलेट कंपनीत फ्रेडरिक बो यांच्या हातून पांढरं चॉकलेट गरम पाण्यावर तासन्‌तास राहून गेलं. ते सोनेरी झालं आणि भाजलेल्या बिस्किटासारखा वास सुटला. त्यावर बरीच वर्षं काम करून २०१२ मध्ये त्यांनी ते बाजारात आणलं. घरी करायचं तर १२० अंशांच्या आसपास ओव्हनमध्ये, दर दहा मिनिटांनी ढवळत, तासभर. मधे मधे ते भुसभुशीत, बिघडल्यासारखं दिसतं, तरी धीर सोडू नका.

हसरी_दुपार
प्रश्नचिन्ह, वाद मिटवू नका. ओव्हनमधून काढून नवऱ्यापुढे ठेवा आणि मग विचारा.

रानवाटा
मूळ प्रश्नातल्या सांभाळण्याबद्दल कोणी बोललंच नाही. मी मागे सहा पट्ट्या घेतल्या आणि दुपारभर बंद गाडीत ठेवल्या. वितळल्या म्हणून फ्रिजमध्ये टाकल्या. दुसऱ्या दिवशी सगळ्यांवर पांढरट बुरा. बुरशी समजून टाकून दिल्या. आजही जीव हळहळतो. ती बुरशीच होती ना?

दगडीजातं
रानवाटा, वाईट वाटेल, पण बहुधा नव्हती.

कोको बटर सहा वेगवेगळ्या प्रकारे घट्ट होतं. आम्हाला हवा असतो तो पाचवा प्रकार. चकाकणारा, कटकन मोडणारा, ३४ अंशांच्या आसपास म्हणजे तोंडात गेल्यावरच वितळणारा. तो मिळवायला डार्क चॉकलेट ४५-५० अंशांपर्यंत वितळवून, २७-२८ पर्यंत उतरवून, पुन्हा ३१-३२ पर्यंत चढवतो. गाडीत ती सगळी घडी विस्कटली, आणि परत थिजताना चरबी वर आली. तोच तुमचा बुरा. खायला काहीच हरकत नव्हती, बेकिंगमध्ये तर कळलंही नसतं. फ्रिजमधून काढल्यावर दव धरून साखर वर येते, तो दुसरा प्रकार. बोट फिरवून बघायचं. विरघळलं तर चरबी, खरखरीत लागलं तर साखर.

सायंतारा, खोली १५ ते १८ अंशांवर ठेवता आली तर फ्रिजची गरजच नाही. पट्ट्या कपड्यांच्या मधोमध, उन्हापासून आणि अत्तराच्या बाटलीपासून लांब. कोको बटर वास पटकन ओढून घेतं. फ्रिज टाळता येत नसेल तर हवाबंद डब्यात ठेवा, आणि बाहेर काढल्यावर डबा खोलीइतका गरम होईपर्यंत उघडू नका. बोनबॉन मात्र शेवटच्या दिवशीच घ्या.

निवांत_७
आणि ती टक्केवारी? मला ७० टक्केवालं एक गोडसर लागलं, दुसरं ७० कडूजहर.

दगडीजातं
७० म्हणजे बियांमधून आलेलं सगळं मिळून ७०, त्यात वरून घातलेलं कोको बटरही धरलेलं असतं. कोणी ७० टक्के बियाच घेतो, कोणी ६० टक्के बिया आणि १० टक्के बटर. दुसरं अर्थातच सौम्य. शिवाय बी, आंबवण आणि भाजणं वेगळं. आकड्यावरून साखर किती ते कळतं, कडूपणा कळत नाही.

कुंपणावरून
माझा कोको कुठला हा हट्ट फक्त चवीसाठी नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घानातून येतो. शिकागो विद्यापीठाशी संलग्न नॉर्क संस्थेच्या २०२० च्या अहवालात त्या दोन देशांच्या कोको पट्ट्यात सुमारे १५.६ लाख मुलं बालमजुरीत असल्याचं नोंदवलंय. मोठा कोयता घेऊन फळं फोडणारी मुलं. हे वाचल्यापासून माझ्याच्याने निनावी कोकोचा तुकडा खाववत नाही. छोट्या दुकानांकडून मला अपेक्षा आहे ती याचमुळे. त्यांना शेताचं नाव घेता येतं.

दगडीजातं
कुंपणावरून, पूर्ण अनुमोदन. मी माझ्या पट्टीवर सहकारी संस्थेचं नाव आणि तोडणीचं वर्ष छापतो. नुसतं देशाचं नाव पुरेसं नाही. सायंतारा, हेही विचारा.

अबोली
जाता जाता, घरी कुत्रा असेल तर पिशवी जमिनीवर ठेवू नका. चॉकलेटमधलं थिओब्रोमिन त्यांच्या शरीरातून लवकर बाहेर पडत नाही, आणि डार्क तर फार घातक.

सायंतारा
परत आले! सगळ्यांचे मनापासून आभार. सातातली तीनच केली.

सकाळी बियांवाला. दारातच आंबूस, भाजका वास. भट्टीजवळ एक बाई चाळणीत बिया निवडत होत्या, एकेक चपटी बी बाजूला टाकत. मी बघत उभी राहिले तर त्यांनी एक भाजलेली बी हातावर ठेवली आणि टरफल कसं काढायचं ते दाखवलं. दोन बोटांत दाबली की तडकते. कडू, मग चक्क आंबट, आणि अगदी शेवटी कुठेतरी चॉकलेट. मादागास्करची पट्टी होतीच. तीच चव पुन्हा भेटली आणि मला भर दुकानात भरून आलं. दगडीजातं, तुमचा शब्दन्‌शब्द आठवला.

दुपारी बोनबॉन. अर्धी तोडून आत बघितलं तर मालक हसले आणि म्हणाले, तुम्हाला कोणीतरी शिकवलंय. अबोली, हे तुमचं.

संध्याकाळी अजब चवी. मिसो आवडला, खारट-गोड, दुधातल्या साखरेला धरून राहणारा. निळं चीज मला नाही झेपलं. सुरुवातीला चीज, मधे चीज, शेवटीही चीज. अबोली, त्यांनाही जमलेलं नाही! पण काळ्या ऑलिव्हची पट्टी म्हणजे काय सांगू. आधी डार्क चॉकलेट, मग दाताखाली वाळवलेल्या ऑलिव्हचा बारीक तुकडा, क्षणभर खारट, आणि मग चॉकलेट आधीपेक्षा जास्त फळासारखं होऊन परत येतं. दोन घेतल्या. तिसरीसाठी दारातून परत फिरले.

माल लोकरीच्या शालीत गुंडाळून आणला, एकावरही बुरा नाही.

अबोली
बाराव्यांदा करून बघायला हवं म्हणजे. :)

कुंपणावरून
सायंतारा, वाचून फार बरं वाटलं. त्या ऑलिव्हच्या पट्टीसाठी मी माझं मत थोडं मागे घेतो. फक्त एक सांगा, कोको कुठला होता?

सायंतारा
पाटीवर होतं. ऑलिव्हच्या वर, मोठ्या अक्षरात. पेरू.

प्रश्नचिन्ह
ऑलिव्ह आणि पेरू एकत्र??

सायंतारा
देश हो, देश!